दुपारी दोनची फेरी

आधी दार नीट लागू द्या, मग बोलते. दार उघडं असताना या घरात कुणी खरं बोलत नाही. तीच सवय मलाही लागली आहे.

हं, लागलं. मी एक लिफ्ट आहे. नागपूरच्या प्रताप नगरात रोहित सरांचा जो पांढरा बंगला आहे, त्याच्या हॉलच्या मधोमध काचेचं एक उंच नळकांडं आहे. त्यात मी वर-खाली करते. चार माणसं मावतात माझ्यात, पण एका वेळी दोनहून जास्त कधी आली नाहीत. या घरातली माणसं एकमेकांसोबत फार वेळ उभी राहत नाहीत.

माझे भाग लांबच्या एका कारखान्यातून खोक्यांत भरून आले. मला जोडलं ते सुशील नावाच्या कारागिराने. तो स्क्रू आवळताना माझ्याशी बोलायचा. "मख्खन चालली पाह्यजे तू. मोठ्या घरात जाऊन राहिली, खडखड नाही कराची." माझ्या पोटात तेल आहे. तेलाचा दाब वाढला की मी चढते, दाब सोडला की उतरते. एवढंच माझं शास्त्र. बाकी सगळा थाट वरवरचा. सोनेरी कठडा, पायाखाली परदेशी दगड, मागे आरसा आणि डोक्यावर काचेचं छत. छतातून थेट आकाश दिसतं. पाहुणे वर बघून "वाव" म्हणतात. उन्हाळ्यात त्याच छतातून काय उतरतं, ते त्यांना ठाऊक नसतं.

घरही तसंच. दोन मजले उंच हॉल, त्यात कुणी बसत नाही. स्वयंपाकघरं दोन. एक दाखवायचं, त्याच्या ओट्यावर कधी कांदा चिरला गेला नाही. दुसरं मागे, फोडणीचं. देवघराला वेगळा एसी. सिनेमा बघायच्या खोलीत चपलांची कपाटं. मी सगळं काचेतून बघत असते.

रोहित सर डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे क्लास चालवतात. विमानतळापासून सीताबर्डीपर्यंत त्यांचे होर्डिंग आहेत, म्हणून रस्त्यावरचं लहान पोरही त्यांना ओळखतं. होर्डिंगवर सर आईच्या पाया पडताना दिसतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'माझी पहिली शिक्षिका, माझी आई'. गावी भिवापुरात कंदिलाच्या उजेडात आईने कसं शिकवलं, ही गोष्ट सर प्रत्येक भाषणात सांगतात. माझ्यात उभं राहून तिची तालीमही करतात. आरशात बघून 'आई' या शब्दाशी थोडं थांबायचं, मग डोळे मिटायचे. मी ती तालीम इतक्या वेळा ऐकली आहे की कुठे आवाज कापरा होणार, ते मला आधीच कळतं.

सरांची बायको कामिनी. माझ्यात शिरली की ती आधी कपाळावरची आठी बोटाने पुसते. मग फोन. "हे बघ, कुणाला बोलू नकोस," हे तिचं नेहमीचं पहिलं वाक्य. सरांचंही तेच. "कामिनीला यातलं काही सांगू नको," असं ते एकदा दबक्या आवाजात म्हणाले, तेव्हा मला वाटलं की काहीतरी मोठं शिजतंय. नंतर कळलं, डॉक्टरांनी बंद केलेला, तिखट रश्श्याचा तर्रीपोहा होता तो. पण मला काय, पोह्यापासून सहीपर्यंत सगळं सारख्याच आवाजात बोललं जातं इथे. ऐकून ऐकून मीही संशयी झाले.

सही म्हणजे काय, तर बंगल्याखालची जमीन सरांच्या आईच्या नावावर आहे. सरांची बहीण दामिनी अमरावतीला असते. कामिनीच्या डोक्यातून हे दोन मुद्दे कधी जात नाहीत. "आईंना काय, कुणी कागद पुढे केला की त्या सही करतील," ती सरांना म्हणायची. "दामिनीताईंनी एखाद्या दिवशी माणूस पाठवला तर आपल्याला कळेल तरी का?"

सरांचं उत्तर ठरलेलं. फक्त "आई सही करणार नाही," एवढं म्हणायचे. आणि ते इतक्या खात्रीने म्हणायचे की मलाच शंका यायची.

सरांची आई म्हणजे इंदुताई. वय चौऱ्याहत्तर. तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आणि गच्चीवर बाग. त्या माझ्यात आल्या की खालून एकेक बटण बोटाने चाचपत वर जायच्या. तळ, पहिला, दुसरा, तिसरा. मला वाटायचं, म्हातारपणी नजर गेली असेल. सकाळी पेपर मात्र मांडीवर घेऊन बसायच्या. कुणी विचारलं, काय म्हणतो पेपर, तर म्हणायच्या, "काय म्हनते, तेच ते."

आणि प्रयागबाई. स्वयंपाक त्यांच्याकडे. अठ्ठावन्न-साठच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, नंदनवन वस्तीतून शेअर ऑटोने यायच्या. कामाच्या लोकांनी लिफ्ट वापरायची नाही, हा कामिनीचा नियम होता. "काचेवर हातांचे डाग पडतात." त्यामुळे प्रयागबाई मागच्या जिन्याने ताट घेऊन तीन मजले चढायच्या. दुसऱ्या मजल्यावर थांबून गुडघा चोळायच्या. मी रिकामी उभी असायचे आणि त्यांची सावली जिन्याच्या जाळीतून वर सरकताना बघायचे.

फेब्रुवारीत एका वाहिनीची बाई घर बघायला आली. नामांकित लोकांची आलिशान घरं दाखवायचा कार्यक्रम होता तिचा. चित्रण जूनमध्ये करायचं ठरलं. वरून खाली येताना ती सरांना म्हणाली, "तुमच्या नव्या पुस्तकाची अर्पणपत्रिका आईंनीच वाचायची. चारच ओळी. त्यांनीच शिकवलं ना तुम्हाला? लोक रडतील बघा."

"बघू ना," सर म्हणाले. "आईचे डोळे..."

"मोठ्या अक्षरात छापून देऊ."

ती उतरली. सर उतरले नाहीत. दार लागल्यावर त्यांनी कपाळ काचेला टेकवलं आणि तसेच उभे राहिले. मी मनात नोंद केली. या माणसाने काहीतरी दडवलं आहे.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी दोनची फेरी सुरू झाली.

दुपारी दोनला घरात सामसूम असते. सर क्लासला, कामिनी तिच्या बुटिकमध्ये, माळी आणि ड्रायव्हर जेवायला. त्या वेळी इंदुताई तिसऱ्या मजल्यावरून खाली यायच्या. मागच्या स्वयंपाकघराच्या दारातून प्रयागबाई इकडे तिकडे बघत यायच्या. चपला हातात, कापडी पिशवी छातीशी. दोघी माझ्यात शिरायच्या.

"कोनी पाह्यलं नाही ना वं?"

"नाही इंदुमाय. चला लवकर."

आणि मी त्यांना वर न्यायचे. तासाभराने प्रयागबाई तशाच मागच्या जिन्याने खाली.

पिशवीत काय होतं? एकदा पिशवीच्या तोंडातून कागद डोकावले. एकदा पेन खाली पडलं आणि प्रयागबाईंनी ते झटकन पदराखाली घेतलं. एकदा त्या म्हणाल्या, "सही आता जमून राहिली तुमाले. आज दहादा करा." इंदुताई म्हणाल्या, "हात थरथरते गा माय. पन करतो. जूनच्या आत झालं पाह्यजे."

सांगा बरं, तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? कागद, पेन, सही, तेही चोरून आणि जूनच्या आत. मी समजले, प्रयागबाई म्हातारीला गुंडाळताहेत. दामिनीने फितवलं असेल. माझ्या काचेवर त्यांच्या तळव्याचा ठसा राहायचा. तो मला घाण वाटायला लागला. या घराने मला जे शिकवलं, ते मी पटकन शिकले होते.

मार्चअखेर सुशील देखभालीला आला. तळघरात जिन्याखाली माझी लोखंडी पेटी आहे, तेल आणि वायरी सगळं तिच्यात. सुशीलने पेटी उघडली. प्रयागबाई चहा घेऊन आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"हे लाल दांडं काहाचं गा?"

"लाइट गेली, लिफ्ट अडकली, तर हे हळूहळू दाबाचं मावशी. तेल सुटते, लिफ्ट आपोआप खाली येते. पन हळूच. एकदम दाबलं तर धक्का बसते."

"अन् दार?"

"खाली टेकली की दार आपोआप सुटते."

मला तेव्हाही वाटलं, हिला कशाला हव्यात या चौकशा?

जाताना सुशील सरांना सहज बोलून गेला. "सर, दुपारच्या फेऱ्या गंज होऊन राहिल्या, खूपच. दोन-तीनच्या दरम्यान रोज. घरी कोनी राह्यते का तवा?"

कोणी राहत नव्हतं. निदान तसं सगळ्यांना वाटत होतं. संध्याकाळी सर आणि कामिनी माझ्यात एकत्र चढले.  दुसऱ्या मजल्यावर कामिनी म्हणाली, "मी सांगत होते ना." सर म्हणाले, "अंगठ्याचं कुलूप बसवून घेऊ."

आठवड्यात ते बसलं. माझ्या बटणांशेजारी काळी काच आली. ज्याचा अंगठा आत नोंदला आहे, त्यानेच लिफ्ट चालवायची. कोण कधी कुठून कुठे गेलं, ते सर आणि कामिनीच्या मोबाइलवर दिसणार. वाटलं तर मोबाइलवरूनच लिफ्ट जागच्या जागी थांबवता येणार. एकदा थांबवली की आतला पंखा बंद. मग आतून कुणी नोंदलेला अंगठा लावला किंवा मोबाइलवरून सोडली, तरच पुढे चालणार.

अंगठे नोंदवायला सगळे जमले. प्रयागबाईंना कुणी बोलावलं नाही. इंदुताईंचा अंगठा काही केल्या उमटेना. सुशीलने तो पुसला, पुन्हा टेकवला.

"आजी, तुमचे अंगठे घासून गेले आहेत. रेघाच नाही दिसत."

"मिरच्या खुडल्या ना बापा," इंदुताई म्हणाल्या. "भिवापूरच्या सातऱ्यावर, मिरच्या निवडाच्या आवारात. वाळलेल्या मिरचीचे देठ खुडता खुडता बोटाची कातडीच जाते. वीस-बावीस वर्षं तेच केलं मी."

सरांनी पटकन तिकडून नजर काढली. "आई, ते कशाला आता," म्हणाले. दहाव्या-बाराव्या वेळी अंगठा कसाबसा उमटला.

दुपारची फेरी तरीही थांबली नाही. फक्त आता ती कामिनीच्या मोबाइलवर दिसू लागली. 'इंदुताई, तिसरा ते तळ, दोन वाजून तीन मिनिटं. इंदुताई, तळ ते तिसरा, दोन वाजून सहा मिनिटं.' तीन मिनिटांसाठी म्हातारी रोज खाली कशाला येते? कामिनीने कुणाला विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, आणि उत्तरावर विश्वास ठेवावा लागेल. तिने तिसऱ्या मजल्यावरची कचऱ्याची टोपली मात्र बघितली. तिच्यात चुरगळलेला कागद सापडला. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत एकाखाली एक सोळा वेळा लिहिलं होतं, 'इंदू'.

तो कागद ती माझ्यात घेऊन उभी होती. ती सोळा नावं पुन्हा पुन्हा मोजत होती. मला तेव्हा तिची कीव आली, हेही सांगितलं पाहिजे. तिला खरंच वाटत होतं की पायाखालचं घर कुणीतरी ओढून नेतंय.

मे महिन्यातली ती दुपार. नागपूरचा मे म्हणजे काय, ते नागपूरकरांना सांगायला नको. छतातून ऊन सरळ माझ्या पोटात उतरत होतं. कामिनी घराबाहेर पडली, पण गाडी कोपऱ्यावर उभी करून चालत परत आली. पहिल्या मजल्यावर पडद्याआड उभी राहिली. हातात मोबाइल.

दोनला इंदुताई खाली आल्या. प्रयागबाई आत आल्या. त्या दिवशी पिशवी नव्हती, वही उघडी हातातच होती. दोघी हसत होत्या, कशावर ते मला कळलं नाही. मी चढू लागले.

पहिला मजला अर्धा ओलांडला आणि मी थांबले. पंखा थांबला. कामिनी पडद्याआडून बाहेर आली, काचेसमोर.

"काय आहे त्या वहीत? दाखवा."

इंदुताईंनी वही ओढून पोटाशी धरली.

"प्रयागबाई, कुणाच्या सांगण्यावरून सह्या घेताय आईंच्या? दामिनीताईंच्या?"

"नाही वं मॅडम, तसं काही नाही. तुमी लिफ्ट चालू करा. गरम होऊन राहिलं."

"वही दाखवा, करते चालू."

प्रयागबाई इंदुताईंकडे वळल्या. "दाखवू का?"

"नको."

"इंदुमाय, त्यात काय लाजाचं?"

"मायासाठी नाही वं," इंदुताई हळूच म्हणाल्या. इतक्या हळू की काचेपलीकडे गेलं नसेल. मी मात्र ऐकलं. "माया पोट्ट्यानं साऱ्या दुनियेले सांगतलं, माय शिकवे मले म्हनून. वीस वर्षं झाले, बायकोलेही हेच सांगतलं त्यानं. मले 'अ' येत नव्हता. मी अंगठेबहाद्दर. आता हे वही पाह्यली तं तो खोटा पडते. त्याचं खोटं मले खरं कराचं आहे, मंग दाखवू."

त्या क्षणी मला सगळं कळलं. सरांनी काचेला कपाळ का टेकवलं, 'आई सही करणार नाही' हे इतक्या खात्रीने का म्हटलं, बटणं चाचपत वर का जायचं, पेपर 'तेच ते' का म्हणायचा, जूनची घाई कशासाठी होती. आणि सातवी शिकलेली स्वयंपाकीण रोज चपला हातात घेऊन कशासाठी वर जात होती, तेही. मला लाज वाटली. पण लिफ्टला लाज वाटून काय होतं? मी अधांतरी लटकले होते.

पाच मिनिटं गेली असतील. काचेला हात लावला तर चटका बसेल एवढी मी तापले. इंदुताईंनी काळ्या काचेवर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. घामाने ओला झालेला तो गुळगुळीत अंगठा माझ्या कुलपाला ओळखू येईना. प्रयागबाईंनी तो पदराने पुसला, फुंकर घातली, पुन्हा दाबून धरला. लाल. मी माझ्याच कुलपावर ओरडत होते, अरे घरची मालकीण आहे ती! कुलपाला कान नसतात.

प्रयागबाईंनी घंटेचं बटण दाबलं. ती सरांच्या मोबाइलवर वाजते. सर वर्गात होते, मोबाइल मुका. मग कंपनीचा फोन लागला आणि माझ्या छताशेजारच्या जाळीतून गोड आवाज आला, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

इंदुताईंचा श्वास मोठा झाला. पाठ आरशाला घासत त्या खाली बसल्या. वही सुटली. डोळे अर्धवट.

"इंदुमाय! ओ इंदुमाय!" प्रयागबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मग ती वही उचलून त्यांनी सपकन काचेवर दाबली, कामिनीच्या तोंडासमोर. "पाहा! पाहा काय आहे ते! बाराखडी आहे! तुमची सासू लिवायले शिकून राहिली! सोडा आता आमाले!"

काचेवर क, का, कि, की उलगडले होते. त्याखाली 'इंदू', 'रोहित', 'दामिनी', आणि गोल नीट अक्षरात 'कामिनी'.

कामिनी बघत राहिली. मग तिने मोबाइलवर बोट मारलं. एकदा, दोनदा. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. "चालू होत नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "चालू होत नाहीये!"

"तळघरात जा! जिन्याखाली लोखंडी पेटी आहे. आत लाल दांडं आहे, ते दाबा. पन हळूच, एकदम नाही!"

आणि तुम्हाला सांगते, तेवढ्यातही कामिनी थबकली. पायरीवर एक पाय, मान वळलेली. "तुम्हाला काय माहीत?"

"सुशीलले चहा देऊन राहिली होती मी! जा वं माय, जा!"

ती धावली. एक चप्पल पहिल्याच पायरीवर राहिली. पेटी सापडायला वेळ लागला, कारण आपल्याच घरात ती तिथे कधी गेली नव्हती. मग माझ्या पोटातलं तेल सुटलं. मी उतरू लागले. एकदम नाही, हळूच. कामिनी दांडा बोटभर दाबत होती, थांबत होती, पुन्हा दाबत होती. मला तिचं रडणं तळघरातून ऐकू येत होतं. मी आयुष्यात एवढ्या जपून कधी उतरले नव्हते.

खाली टेकले, दार सुटलं. प्रयागबाईंनी हॉलच्या फरशीवर इंदुताईंना ओढून घेतलं आणि मागच्या स्वयंपाकघरातल्या मडक्यातलं पाणी त्यांच्या डोक्यावर थापलं.

इंदुताई तीन दिवस दवाखान्यात होत्या. वाचल्या.

पहिल्या संध्याकाळी सर आणि कामिनी दवाखान्यातून कपडे न्यायला आले. वर जाताना सर म्हणाले, "तू असं कसं केलंस, कामिनी?"

"मी?" ती म्हणाली. "वीस वर्षं तू मला सांगितलंस, आईने शिकवलं. माझ्या आईवडिलांना सांगितलंस. सुरुवातच खोट्याने केलीस, मग मी कोणत्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा?"

"लग्नाआधी एकदा बोलून गेलो. मग ते मागे घेताच आलं नाही."

"आणि आईंना विचारलंस कधी, तुम्हाला शिकायचं आहे का? लाखो पोरांना शिकवतोस."

 तिसरा मजला आला, दार उघडलं, दोघंही काही वेळ आतच उभी राहिली.

प्रयागबाई पुन्हा कामावर आल्या नाहीत. कामिनी स्वतः नंदनवनात जाऊन आली. काय बोलणं झालं, ते मला ठाऊक नाही. परतल्यावर फोनवर मैत्रिणीला एवढंच म्हणाली, "म्हणाल्या, तुमच्यावर राग नाही मॅडम, पन त्या घरात आता पाय उचलत नाही."

जूनमध्ये वाहिनीची माणसं आली. दिवे, वायरी, गालाला लावायची पावडर. इंदुताई हॉलमधल्या त्या सोफ्यावर बसल्या, ज्यावर कुणी बसत नाही. मी समोरूनच बघत होते. सरांनी मधेच म्हटलं, "आईला बरं नाही, वाचन राहू द्या." इंदुताईंनी हात पुढे केला. "आन इकडं."

त्यांनी अर्पणपत्रिका वाचली. चार ओळी. शब्दाखाली बोट ठेवून, जोडाक्षराला अडखळत, पहिलीतल्या पोरीसारखं. दोन मिनिटं लागली असतील. ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं की ही बाई आत्ताआत्ता वाचायला शिकली आहे. वाहिनीची बाई गोंधळली. "आजी, तुम्ही... केव्हा शिकलात?"

इंदुताईंनी मुलाकडे पाहिलं. त्यालाच बोलायला जागा ठेवली.

सर आईशेजारी जाऊन बसले. मग म्हणाले, "यंदा. मी आजवर खोटं सांगत आलो. आईने मला शिकवलं नाही, मिरच्या खुडून शिकायला पाठवलं. तिला अक्षर शिकवलं ते आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या प्रयागबाईंनी."

आवाज कापरा झाला. तो ठरलेल्या जागी झाला नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

पण माझा स्वभाव आता तुम्हाला माहीत झाला आहे. जुलैत नवे होर्डिंग लागले. एक मोठा कागद नमुना म्हणून घरी आला, तो हॉलमध्ये उलगडला. त्यावर इंदुताई, हातात पाटी, आणि अक्षरं अशी, 'चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझी आई शिकली. तुम्ही का नाही? प्रवेश सुरू.' इंदुताईंनी बोट फिरवत तो सगळा वाचला. वरून खाली आणि पुन्हा वरून खाली.

"यात प्रयागचं नाव कोठी आहे?"

"आई, होर्डिंगवर एवढी जागा नसते."

"तुह्या नावाले तं गंज जागा आहे."

सर हसले, पण कुणी त्यांच्यासोबत हसलं नाही. कामिनीसुद्धा. प्रयागबाईंचं नाव काही त्यावर आलं नाही. कार्यक्रमातही ते वाक्य कापलं गेलं, असं कामिनी फोनवर सांगत होती. कुणी कापलं, ते तिने सांगितलं नाही. मला शंका आहे, पण एकदा चुकले आहे, म्हणून नाव घेत नाही.

आता इंदुताई आठवड्यातून दोनदा नंदनवनात जातात. प्रयागबाईंकडे बसून त्या दोघी पेपर वाचतात. ऑटोवाल्याला पत्ता स्वतः वाचून दाखवतात. जाताना-येताना मागच्या जिन्याने चढ-उतार करतात, मधे थांबून दम खात. मला त्या दिवसापासून त्यांनी हात लावलेला नाही. मी तळमजल्यावर उभी असते, आणि त्या माझ्यासमोरून जातात. रागाने जात नाहीत. एवढंच की माझ्यात शिरायची त्यांना भीती वाटते, आणि ती भीती मीच दिली आहे.

काल सुशील पुन्हा आला होता. अंगठ्याचं कुलूप काढायला आला असेल म्हणून मी खूश झाले. त्याने फीत लावून माझ्या छताचा कोपरा मोजला. आता आत कॅमेरा बसणार आहे, आवाज टिपणारा. "सेफ्टीसाठी," सर म्हणाले. सुशीलने फीत गुंडाळताना माझ्या कठड्यावर एकदा थोपटलं.

कॅमेरा बसला की मला असं बोलता येणार नाही, म्हणून आज दार लावून तुम्हाला सगळं सांगितलं. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी आणाल तर आणा, कुलूपही लावा हवं तर. पण ते लावण्याआधी आत कोण उभं आहे, एवढं डोळे उघडून बघा.

आणि एक काम करा. नंदनवनात कधी गेलात, आणि सहज कुठे प्रयागबाई भेटल्या, तर त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, सरांच्या बंगल्यातली लिफ्टही तुमच्यावर संशय घेत होती. तिचं चुकलं. तुमच्या हाताचा ठसा काचेवर होता, तो कामिनीने स्वतः पुसला. लिफ्टला तो काचेवर तसाच हवा होता.

बस. आता दार उघडते. कुणीतरी येतंय.